मदत हवी आहे: धुरावर शिजवलेलं पोर्क लॉइन कोरडं पडतंय

मंडळी, इंदूरहून लिहितेय. महूच्या ओळखीच्या माणसाकडून आम्ही पोर्क आणतो आणि गच्चीवर झाकणाच्या कोळशाच्या शेगडीत आंब्याच्या लाकडाचा धूर देतो. खांद्याचा तुकडा सुरेख होतो. त्यात चरबी असते, चिवट कोलॅजन (मांसाचे धागे जोडणारं प्रथिन) पण असतं, ते ९० अंशांपर्यंत हळूहळू विरघळून मांस मऊ करतं. पाठीच्या लॉइनमध्ये ही दोन्ही कमी, त्यामुळे जास्त वेळ ठेवलं की नुसता भुसा. तीनदा तसंच झालं, फार वाईट वाटलं.

आता १ लिटर पाण्यात ६० ग्रॅम मीठ आणि थोडा गूळ घालून ८ तास भिजवते. फरक पडलाय, पण पुरेसा नाही. शेगडी ११० ते १२० अंशांवर असते आणि मी तुकडा ७५ ला काढते.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचनेप्रमाणे अख्ख्या तुकड्याला आतून ६३ अंश आणि नंतर ३ मिनिटं विसावा पुरतो. पण आपल्याकडे पट्टकृमीची (अर्धकच्च्या पोर्कमधून होणाऱ्या जंतांची) भीती खरी आहे, आणि सासूबाई जराही गुलाबी दिसलं तर ताटाला हात लावत नाहीत. त्यांना वाढायचं तर कुठे थांबू? ६८-७० ला काढून झाकून ठेवलं तर रस टिकेल का? कुणी वरून चरबीचे पातळ काप बांधून पाहिलेत का? मीठ कमी करावं का, तेही सांगा. रविवारी पुन्हा करणार आहे.