शिल्डेड केबल टाकली आणि फोनची घुरघुर वाढली

साखरपेठकर
घर सोलापुरात, साखर पेठेत. खाली टॉवेलचे चार माग, वर आम्ही. लँडलाईन आईसाठी ठेवलीय, तिला मोबाईल जमत नाही. माग सुरू झाले की फोनमध्ये घुर्रर्र. वायरमन म्हणाला, शिल्डेड टाका, म्हणजे तारांभोवती पन्नीचं आवरण, शिल्ड, असलेली केबल. पंचवीस मीटर आणली, जिन्यातनं वर नेली. शिल्ड खाली अर्थिंगच्या तारेला जोडली, वर फ्रिजच्या सॉकेटमधल्या अर्थला. आता माग बंद असले तरी घुरघुर! आई म्हणते, "पैशे घालून भुंगा आणलास की रे." चुकलं कुठं?

जुना लाईनमन
दोन्हीकडं अर्थ केलंत, तिथंच घोळ. दोन अर्थमध्ये थोड्या व्होल्टचा जरी फरक असला तरी शिल्डमधूनच मेन विजेचा ५० हर्ट्झचा करंट फिरतो, तोच फोनमध्ये घुरघुरतो. शिल्ड एकाच टोकाला अर्थ करायची, लाईन घरात शिरते तिथं. वरचं टोक कापून टेप मारा. पन्नीला चिकटून एक उघडी तार असते, ती रोझेटच्या, म्हणजे फोनच्या भिंतीवरच्या डबीच्या, स्क्रूला टेकलेली नाही ना, तेही बघा. लाईनच्या दोन तारांपैकी एक जरी अर्थला लागली की जोडीचा तोल गेला, दोन्ही तारांत सारखा येणारा आवाज एकमेकांना खोडत नाही, मग शिल्ड काय करणार? आणि काम करताना लाईन खालीच सोडवून ठेवा. एरवी ४८ व्होल्ट डीसी असतं, पण रिंग आली की ७५ च्या आसपास एसी. मी शिडीवर खाल्लाय झटका.

होटगी रोड
मला विचाराल तर शिल्डची गरजच नव्हती. साधी पिळाची जोडी, मोटारीच्या वायरीपासून फूटभर लांब, ओलांडायचीच तर काटकोनात. आणि अर्थ मिळत नाही म्हणून शिल्ड न्यूट्रलला जोडू नका हं, आमच्याकडं एकानं तेही केलं होतं. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतता का? आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंग नुसतं नावाला उरतं.

साखरपेठकर
वरचं टोक सोडलं, भुंगा गेला. माग चालू असताना बारीक आवाज उरला होता. बघतो तर जिन्यात ही केबल आणि मागाची थ्री-फेज एकाच पट्टीत! वायरमन पठ्ठ्यानं पट्टी वाचवली होती. सुट्टीदिवशी समोरच्या भिंतीनं नेली, खड्ड्यात चार घागरी ओतल्या. काल आई अक्कलकोटच्या मावशीशी पाऊण तास बोलली. आता म्हणते, मावशीलाच कमी ऐकू यायला लागलंय.