एकांकिकेसाठी इटालियन आजी: 1926 ते 1942 चे तपशील हवेत

रंगपट_सोलापूर:
मंडळी, आमच्या गटाची एकांकिका बसतेय, प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात. मुख्य पात्र नेपल्सजवळच्या खेड्यातून न्यूयॉर्कला गेलेली बाई, आधी आई, मग आजी. संहितेत सध्या असं आहे: 1926 साली ती पाच वर्षांच्या मुलाला घेऊन बोटीनं येते, एलिस बेटावर, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या तपासणी ठाण्यावर, डॉक्टर तिच्या कोटावर खडूनं खूण करतो, कारकून आडनाव बदलून टाकतो. मग जन्मभर चुलीपाशी. 1942 मध्ये मुलगा सैन्यात जातो. तारखा बसतात का? स्वयंपाक सोडून ती दिवसभर काय करत असेल? आणि एका प्रवेशात टोमॅटोचा सॉस बाटल्यांत भरायचा आहे, प्रयोगानंतर तोच प्रेक्षकांना पावाबरोबर द्यायचा विचार आहे. सोलापुरात कसा जमवायचा?

जुने_कागद:
खडू आणि आडनाव दोन्ही काढा. अमेरिकेच्या 1924 च्या स्थलांतर कायद्यानंतर तपासणी आणि व्हिसाचं काम अमेरिकेच्या परदेशातल्या वकिलातींकडे गेलं. तुमच्या बाईची खरी परीक्षा नेपल्सलाच होणार. एलिस बेटावरच्या खडूच्या खुणा आणि पापण्या उलट्या करून खुपरी (डोळ्यांचा रोग) बघणं हे त्याआधीच्या लोंढ्याचं चित्र, आणि तेही तिसऱ्या वर्गाच्या उतारूंचं. आडनावाची गोष्ट घरोघरी सांगतात, पण तिथले अधिकारी बोटीवरून आलेल्या यादीवरूनच नावं वाचायचे. नावं बदलली ती पुढे, शाळेत आणि कारखान्यात. शिवाय इटलीच्या दप्तरात बाई लग्नानंतरही माहेरच्याच आडनावानं असते. व्हिसाच्या कागदावर आई आणि मुलगा यांची आडनावं वेगळी, यातून प्रसंग हवा तर खुशाल काढा.

आता मोठी अडचण. त्याच कायद्यानं इटलीचा कोटा, म्हणजे तिथून येऊ द्यायच्या माणसांची मर्यादा, वर्षाला 3,845 वर आणला होता. मग ही आली कशी? अमेरिकन नागरिकाची बायको आणि लहान मुलं कोट्याबाहेर होती, म्हणजे नवऱ्यानं आधी नागरिकत्व घेतलेलं पाहिजे. तो 1920 मध्ये मुलाच्या जन्मानंतर एकटा गेला असं धरा. पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आणि नंतरची कागदपत्रं धरून 1926 अखेर किंवा 1927 मध्ये बायकोला बोलावतो. मुलगा तेव्हा सहा-सात वर्षांचा होईल, तेवढं बदला. बापामुळे अल्पवयीन मुलगा तिकडे राहायला लागला की नागरिक होतो. आईचं तसं नाही. 22 सप्टेंबर 1922 पर्यंत नवऱ्याबरोबर बायको आपोआप नागरिक व्हायची, नंतर तिला स्वतंत्र अर्ज करावा लागे आणि इंग्रजी बोलता यावं लागे. म्हणजे एकाच घरात बाप-लेक अमेरिकन आणि आई इटालियन. हा धागा सोडू नका, 1942 ला कामाला येईल.

पूर्वभाग:
चुलीपाशी ठेवलंत तर बाई कळणारच नाही. न्यूयॉर्कच्या चाळींतल्या इटालियन बायका कारखान्यातून माल घरी आणायच्या: पँटींना अस्तर लावणं, काजं-बटणं, कागदा-कापडाची फुलं. फुलांचे पैसे ग्रोसवर, म्हणजे 144 च्या हिशोबानं. लुईस हाईन या छायाचित्रकारानं 1910 च्या आसपास अशी घरं टिपली आहेत. टेबलाभोवती आई, आजी आणि शाळेच्या वयाची पोरं. ते फोटो नेपथ्यकाराला आधी दाखवा. तुमचा काळ थोडा नंतरचा, पण घरी माल आणून करायचं हे काम तेव्हाही संपलेलं नव्हतं. आपल्या पूर्व भागातल्या विडीवाल्या बायकांचा हजारी हिशोब माहीत असलेल्या प्रेक्षकाला हे फार समजावून सांगावं लागणार नाही. बोटं सतत चालू, नजर मुलावर आणि तोंडानं बोलणं, एवढं नटीकडून बसवून घ्या.

दुसरं, पैसा. कमावती मुलं पगाराचं पाकीट न फोडता आईच्या हातात द्यायची, आणि ती त्यातून त्यांना वरखर्च द्यायची. भाडं, वाणी, खेड्यातल्या सासूला पाठवायची रक्कम, सगळं तिच्या डोक्यात. ही मनीऑर्डर तुमच्या काळात बांको दी नापोलीमार्फत जाऊ शकते, 1901 च्या कायद्यानं ते काम त्या बँकेकडे दिलं होतं. न फोडलेलं पाकीट टेबलावर येऊ द्या. मुलगा मोठा झाल्यावर एकदा फोडलेलं पाकीट आणतो, यापेक्षा मोठं भांडण लिहायची गरज नाही.

नावांचंही बघा. रीत अशी की पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या. नातवाचं नाव परकं ठेवलंत तर आजीला ते टोचलं पाहिजे.

खलबत्ता:
सॉसबद्दल. रंगमंचावरचा आणि प्रेक्षकांच्या पोटात जाणारा, हे दोन वेगळे ठेवा.

रंगमंचासाठी: बिअरच्या जुन्या बाटल्या, पत्र्याची बुचं, प्रत्येक बाटलीत बेसिलचं (इटालियन तुळशीचं) एक पान. बाटल्या तेलाच्या पिंपात रचतात आणि मध्ये गोणपाट किंवा चिंध्या भरतात, नाहीतर उकळताना एकमेकींवर आपटून फुटतात. विझवल्यावर पिंप रात्रभर तसंच ठेवायचं. गरम बाटली गार हवेत काढली की तडकते. म्हणून "झालं, काढा आता" असं वाक्य त्याच प्रवेशात नको. तिकडे हे काम ऑगस्टचं. बर्फ पडतानाच्या प्रवेशात घेऊ नका.

खायच्या सॉससाठी लक्ष्मी मंडईतून लांबट, गराचे, पूर्ण पिकलेले पण न मऊ पडलेले टोमॅटो घ्या. दहा किलोंचा साधारण सहा लिटर गर निघतो. चार फाका करून दहा मिनिटं वाफवा, सुटलेलं पाणी ओतून टाका आणि पुरणयंत्रातून बारीक जाळीनं काढा. मिक्सर लावू नका, बी भरडलं की कडवट होतं. मग मंद आचेवर एक तृतीयांश आटवा. पाणचट टोमॅटोला जास्त वेळ लागतो, साखर घालून ते झाकू नका. बेसिलऐवजी पान आपल्या तुळशीचं नको, लवंगेसारखा वास येतो. सब्जाचं झाड असेल तर त्याचं चालेल, जात तीच.

बाटलीबंद करणारच असाल तर लिटरला दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबाचा रस किंवा अर्धा छोटा चमचा लिंबूसत्त्व घालायलाच हवं. टोमॅटोचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा वाढला की आंबटपणा कमी) 4.6 च्या सीमेवर असतो, त्याच्या वर गेला की बंद बाटलीत बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढू शकतो, वास-रंग बदलेलच असं नाही. झाकणं नवी वापरा. उकळत्या पाण्यात, बाटलीवर दोन बोटं पाणी ठेवून, अर्ध्या लिटरला 40 मिनिटं आणि लिटरला 45. पुस्तकात पाच मिनिटं कमी दिसतील, पण ती समुद्रसपाटीची, सोलापूर साडेचारशे मीटरवर आहे. लसूण आणि तेल बाटलीत नाही, वाढताना. खरं सांगू? शंभर लोकांना द्यायचा तर आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवा, बाटलीच्या भानगडीत पडू नका.

रंगपट_सोलापूर:
खूप आभार. आडनाव आणि खडू गेले. जुने_कागद, 1942 मध्ये आईवर नेमकी काय बंधनं येतात?

जुने_कागद:
डिसेंबर 1941 पासून अमेरिकेतले नागरिक नसलेले सुमारे सहा लाख इटालियन "शत्रुराष्ट्राचे परके" ठरले. फेब्रुवारी 1942 मध्ये नोंदणी: फोटो, बोटांचे ठसे, आणि कायम जवळ बाळगायची ओळखपुस्तिका. शॉर्टवेव्ह रेडिओ आणि कॅमेरा जमा करायचा, प्रवासाला परवानगी. म्हणजे मुलगा अमेरिकन गणवेशात घरी येतो त्या दिवशी आईच्या एप्रनच्या खिशात ती पुस्तिका असू शकते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तर लोकांना घरं सोडायला लावली, पण तुमचं कथानक न्यूयॉर्कचं, ते मिसळू नका. 12 ऑक्टोबर 1942 ला, कोलंबस डे च्या दिवशी, ॲटर्नी जनरल फ्रान्सिस बिडल यांनी इटालियनांवरचा हा शिक्का काढत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे रेडिओचा प्रसंग त्या वर्षाच्या पहिल्या नऊ महिन्यांतच बसवा, आणि रेडिओ घेऊन जाणारा शिपाई दाखवू नका. तो तिनं स्वतः पोलीस चौकीत नेऊन द्यायचा असतो.