बेळगावात मुलांचा वाद्यवृंद: सगळ्या घरांतली मुलं कशी येतील?

शहापूर_व्हायोलिन

नमस्कार. मी शहापुरात व्हायोलिन शिकवते. क्लासमधल्या मुलांचा एक छोटा वाद्यवृंद उभा राहतोय: व्हायोलिन, चेलो, बासरी. मुलं जीव ओतून वाजवतात. पण जवळजवळ सगळी टिळकवाडी, हिंदवाडी, कॅम्पातली, इंग्रजी शाळांतली, फी परवडणाऱ्या घरांतली आहेत. वडगाव-खासबागच्या विणकर घरांतलं एकही मूल नाही, उर्दू शाळेतलं नाही, कन्नड माध्यमाचं एखादंच. हे मला पटत नाही. या गावात गाणं-वाजवणं कुठल्या गल्लीत नाही? आम्ही शाळांत जाऊन फुकट कार्यक्रम करतो, टाळ्या पडतात, पण नंतर क्लासला नवीन कोणी येत नाही. परदेशातल्या मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा यावर काय करतात?

खानापूरकर_मुंबईत

तिथं हा प्रश्न फार जुना आहे. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या ऑस्ट्रियातल्या नावाजलेल्या ऑर्केस्ट्रानं बाईला पूर्ण सदस्यत्व दिलं ते 1997 मध्ये. अमेरिकेत बोस्टन सिम्फनीनं 1952 मध्येच निवडचाचणीला पडदा लावून बघितला, म्हणजे कोण वाजवतंय ते परीक्षकांना दिसू नये. पुढे 1970 नंतर बहुतेकांनी तो लावला. आज अमेरिकन ऑर्केस्ट्रांत निम्म्याच्या आसपास बायका आहेत, त्यात पडद्याचाही वाटा मानला जातो. पण 2014 च्या आकडेवारीत कृष्णवर्णीय वादक दोन टक्क्यांच्याही आत होते. पडद्यामागं उभं राहायला आधी तिथवर पोचावं लागतं, आणि त्याला लहानपणापासून वाद्य, शिक्षक आणि पैसा लागतो.

म्हणून ज्यांना खरंच बदल हवा होता ते वस्तीत गेले. व्हेनेझुएलात होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी 1975 मध्ये 'एल सिस्टेमा' ही मुलांच्या वाद्यवृंदांची योजना सुरू केली. मुलाला वाद्य फुकट, आणि शाळा सुटल्यावर आठवड्यातले बरेच दिवस तालीम. तिथंच घडलेला गुस्ताव्हो दुदामेल लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचा संचालक झाला. त्या ऑर्केस्ट्रानं 2007 पासून गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी तसंच काम सुरू केलं. आपल्या जवळचं बघायचं तर पणजीला 'चाइल्ड्ज प्ले इंडिया फाउंडेशन' 2009 पासून गरीब घरांतल्या मुलांना व्हायोलिन, चेलो शिकवतं. चोर्ला घाट उतरला की पोचलात. एकदा जाऊन बघाच. वर्षाकाठी एक कार्यक्रम करून मूल येत नाही, ताई. त्याच्या हातात वाद्य द्यावं लागतं आणि ते घरी न्यायची मुभा द्यावी लागते.

निपाणी_क्लॅरिनेट

मॅडम, आमच्या घरात आज्यापासून लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट आहे. तुम्ही विचारलासा हे फार बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वेळेचं बघा. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत आमची पोरं संध्याकाळी मोकळी नसतात. वरातीत झांज नाहीतर साईड ड्रम धरतात, घरात चार पैसे येतात. त्या दिवसांत तुम्ही प्रवेशाचा बोर्ड लावला तर कोण येणार? आषाढी एकादशीनंतर सुरू करा. गणपती सोडले तर तिथून तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्याकडं हातावर हात ठेवून बसायचं असतं.

आता सुराचं, आणि हे कोणी सांगत नाही. व्हायोलिनच्या तारा जी, डी, ए, ई. म्हणून तुमच्याकडं शिकवणी डी नाहीतर ए मेजरनं, म्हणजे डी किंवा ए हा सा धरून, सुरू होते, बोटं सोपी पडतात. आमची क्लॅरिनेट बी-फ्लॅटची, म्हणजे आम्ही जो सूर धरतो त्याच्यापेक्षा एक पूर्ण सूर खाली ऐकू येतो, म्हणून आम्हाला सगळं एक सूर वर धरावं लागतं. तुमचा डी मेजर आम्हाला ई मेजर होतो, चार शार्प, म्हणजे चार सूर अर्धी पायरी चढवून वाजवायचे. तुमचा ए म्हणजे आमचा बी, पाच शार्प. नव्या पोराची करंगळी चाव्यांत अडकते, सूर चिरकतो, शेजारची मुलं वळून बघतात. त्याला वाटतं आपल्यालाच येत नाही, आणि ते पुढच्या आठवड्याला येत नाही. तीच चाल एफमध्ये घ्या. आम्हाला तो जी मेजर, एकच शार्प. ट्रम्पेटलाही तसंच. तुमच्या मुलांना ए आणि ई तारेवर पहिलं बोट जरा मागं ओढावं लागेल. ओढू देत की. एवढी तसदी त्यांनी घ्यायलाच पाहिजे, कारण आजवर सगळी तसदी दुसऱ्या बाजूनंच घेतलीय.

आमची पोरं कानानं वाजवतात. चाचणी घेताना पहिल्यांदा कागद पुढं ठेवू नका. एक ओळ वाजवून दाखवा आणि 'वाजव बघू' म्हणा, मग कळेल कोण किती पाण्यात आहे. आणि बोलवायला शाळेत जाऊन भागणार नाही, बँडच्या मास्तरांच्या घरी जा. मास्तर 'पाठव' म्हणाले की बाप पोराला पाठवतो. कार्यक्रमाच्या पत्रिकेत सगळ्यांची नावं एका ओळीत छापा. 'सोबत बँडवाले' असं खाली लिहू नका, एवढीच विनंती.

फौजी_मराठा

निपाणीकरांचं खरं आहे. एक भर घालतो. कानानं येतं म्हणून नोटेशन, म्हणजे सूर कागदावर लिहायची-वाचायची पद्धत, शिकवायचंच नाही, असं करू नका. पंचमढीला लष्कराचा संगीत विभाग आहे. मी तिथं शिकलो. खेड्यातून आलेली, इंग्रजीचा गंध नसलेली आमच्यासारखी पोरं तिथं पाच रेघांचं नोटेशन वाचायला शिकली. रोज सकाळी टाळी वाजवत मोजायचं: एक-दोन-तीन-चार. कन्नड असो, मराठी असो, मोजायला कुठलीही भाषा चालते. नोटेशन आलं की पोराला पुढं लष्कराचा बँड आहे, पोलीस बँड आहे. पोटापाण्याची वाट आहे ती, ती बंद ठेवू नका.

शहापूर_व्हायोलिन

सगळ्यांचे मनापासून आभार. एफ मेजरचं मला इतक्या वर्षांत कोणी बोललं नव्हतं. भूप रागातली एक साधी चाल एफमध्ये बसवायला घेते. क्लॅरिनेटचा भाग मी लिहीन, पण तो हाताला बसतो का ते निपाणीकर दादांनी वाजवून सांगायला हवं. आषाढाच्या आधी वडगाव आणि निपाणीच्या मास्तरांना घरी जाऊन भेटायचंय. माझं कन्नड मोडकंतोडकं आहे, उर्दू तर नाहीच. बेळगावातलं कोणी माझ्यासोबत येईल का?