ऑस्कर-कन्व्हिक्टच्या जोडीला आणखी कोण टिकेल?

मंडळी, मदत हवी आहे. माशांचा टँक ४ × १.५ × १.५ फूट, म्हणजे साधारण २५० लिटर. कॅनिस्टर (टँकबाहेर बसणारा) फिल्टर, पाणी २६ अंशांवर. आत आठ इंची ऑस्कर, कन्व्हिक्टची जोडी (दोन्ही भांडकुदळ सिक्लिड मासे) आणि काचेला चिकटणारा सकर मासा. जोडीनं कुंडीत अंडी घातली की अर्धा टँक त्यांचाच. दांडगा ऑस्करही कोपरा धरतो. सिल्व्हर डॉलर मासे सोडले, तर त्यांच्या शेपट्या पार कुरतडल्या. दगडांची मांडणी बदलली, नवे मासे दिवे घालवून सोडले. चार दिवस शांतता, मग ये रे माझ्या मागल्या. सकर तेवढा निवांत, त्याच्या खडबडीत पाठीला तोंड कोण लावणार! मोठा टँक घरात बसत नाही, जोडी काढायची नाही. टिनफॉइल बार्ब सुचवू नका, या टँकला तो फार वाढतो. कोल्हापुरात सहज मिळणारा, वरच्या पाण्यात फिरणारा एखादा चिवट मासा यांच्यात टिकेल का, की आहे त्यावरच थांबू?