बॅनरलॉर्डमध्ये बावीस माणसं हाताखाली आणि एकही ऐकत नाही, काय करू?

शेवभाजी_जळगाव
भावांनो एक विचारायचं होतं. मी सध्या माउंट अँड ब्लेड २ बॅनरलॉर्ड खेळतोय, तो स्वतःचं सैन्य घेऊन लढायचा जुन्या काळातला गेम, सेलमध्ये घेतला, जुन्या लॅपटॉपवर सगळं लो करून चालतो, फक्त पंखा थ्रेशरसारखा वाजतो आणि आई आतून विचारते काय लावलंय रे. तर ते दगड मारणारे लुटेरे आठ-दहा असले की आरामात जिंकतो. पण काल अठरा समुद्री दरोडेखोर भेटले, माझे बावीस, म्हटलं आपण जास्त आहोत, होऊन जाईल. बारा पायदळ, सात तिरंदाज, तीन घोडेवाले. नेहमीसारखं एफ १-एफ ३ दाबलं, चार्ज, आणि मी घोडा काढला पुढं. मागं वळून बघतो तर घोडेवाले माझ्यासोबत, पायदळ अर्ध्या रस्त्यात, तिरंदाज अजून टेकाडावरच. समोरून फेकलेल्या कुऱ्हाडी आल्या, घोडा गेला, मी खाली, मग माझी पोरं एकेक करून त्यांच्यात जाऊन पडली. रांगेत तिकीट काढायला जातात तशी, एकामागे एक. शेवटी मी कैदी.

हुकूम दिला तर ऐकतात पण उशिरा, आणि लढाई सुरू झाल्यावर तर कोण कुठंय तेच समजत नाही. वीस-पंचवीस माणसं नीट चालवायची कशी?

आणि दुसरं, किंगडम कम डिलिव्हरन्स हा गेम घ्यायचा विचार आहे, त्यात पाच-सहा शिपाई सोबत घेऊन फिरता येतं का?

लळिंगवाला
भो, एफ १-एफ ३ दाबलं की तिथं तुझं काम संपलं, पुढं प्रत्येक जण ज्याच्या त्याच्या वेगानं पळणार. घोडा आधी पोचणार, पायदळ मग, तिरंदाज सगळ्यात शेवटी. म्हणजे बावीसविरुद्ध अठरा अशी लढाई झालीच नाही तुझी. आधी चारविरुद्ध अठरा, मग बाराविरुद्ध अठरा, मग उरलेले सात.

आता असं कर. लढाई सुरू झाल्या झाल्या कुठंही जाऊ नको. १ दाबून पायदळ निवड, चढ बघून तिथं उभं कर, थांबायला सांग. २ दाबून तिरंदाज, त्यांच्या मागं पण थोडे वर, म्हणजे पुढच्यांच्या डोक्यावरून दिसलं पाहिजे, सपाटीवर अगदी पाठीला चिकटवले तर अर्धे नुसते धनुष्य ताणून उभे राहतात. ३ म्हणजे घोडेवाले, त्यांना फॉलो मी देऊन बाजूला घेऊन जा, लांब. आणि मग थांब. हे थांबणं सगळ्यात अवघड आहे, हात शिवशिवतात, पण दरोडेखोरांकडे कुऱ्हाडी मोजक्याच असतात, त्या संपू देत.

ढालींची भिंत करायला सगळे सांगतील, पण आधी बघ तुझ्या पोरांकडे ढाली आहेत का. नवीन भरतीतली पहिल्या पायरीची पोरं बहुतेक बिनढालीची असतात, त्यांना दाटीवाटीनं उभं केलं तर फेकणाऱ्याचं कामच सोपं होतं. तशांना विरळ उभं कर. ढालवाले पाच-सहाच असतील तर ते वेगळ्या तुकडीत काढून पुढं ठेव.

मी धुळ्याचा, लळिंगच्या किल्ल्यावर लहानपणापासून जातो, खाली मुंबई-आग्रा हायवे मुंगीसारखा दिसतो. वर उभं राहिल्यावर समजतं की किल्ला इथंच का बांधला. गेममध्ये पण मॅप उघडला की मी पहिलं टेकाड शोधतो, शत्रू नंतर.

शेवभाजी_जळगाव
ट्राय केलं रात्री. पहिल्यांदा जमलं, दुसऱ्यांदा परत घोळ. दुसऱ्यांदा ते दोन बाजूंनी आले, मी पायदळाला वळवायला गेलो तर निम्मे वळले, निम्मे लढतच राहिले, तेवढ्यात घोडेवाल्यांना काय सांगायचं ते विसरलो. मधे मधे हुकूम बदलायला गेलं की सगळं विस्कटतं यार.

केळीवाला_रावेर
मधे हुकूम बदलू नकोच ना भो.

हसशील पण मी हे गेममध्ये नाही शिकलो, आमच्या केळीच्या बागेत शिकलो. कटाईची टोळी येते, बारा-पंधरा जण, त्यांचा एक मुकादम. तो माणूस दिवसभरात ओरडताना मी क्वचित बघितला असेल. सकाळी बांधावर सगळ्यांना बसवतो, चहा होतो, बिड्या होतात, आणि तेव्हाच सांगून टाकतो, तू आणि तू कापायला, हे चौघं खांद्यावर वाहायला, ह्या ओळीपासून त्या विहिरीपर्यंत, तो एक जण ट्रकपाशी पानं अंथरून घड रचायला. कोणता घड ठेवायचा, कोणता काढायचा, ते पण एक घड हातात घेऊन दाखवतो. कारण एकदा आत शिरलं की दोन ओळींपलीकडे काही दिसत नाही, नुसती पानं, वर पानांचा आवाज एवढा की हाक पण जात नाही. आत जाऊन कोणाला नवीन काम सांगायचं म्हणजे आधी त्याला शोधायचं.

एकदा आमच्या काकांनी मधेच डोकं लावलं, ट्रक लवकर भरायचा म्हणून वाहणाऱ्या दोघांना कापायला लावलं. कापलेले घड जमिनीवर पडून राहिले, उन्हात, आणि वाहायला माणूस नाही. मुकादम काही बोलला नाही, नुसता काकांकडे बघत राहिला. काका घरी निघून गेले.

तर तुझी बावीस पोरं म्हणजे कटाईची टोळी समज. लढाईच्या आधी प्रत्येक तुकडीला एकच काम दे, आणि ते काम असं दे की तू मेलास तरी ते चालू राहील. पायदळ इथून हलणार नाही. तिरंदाज मारत राहतील. फक्त घोडेवाले तीन तुझ्या हातात, त्यांना तू पाहिजे तेव्हा घाल, पाहिजे तेव्हा काढ. म्हणजे लढाईत तुला तीनच माणसं सांभाळायची आहेत.

दोन बाजूंनी आले तर पायदळ वळवू नको, चौकोन किंवा गोल आधीच करून ठेव.

बारागाड्या_७
केळीवाल्याचं बरोबर आहे आणि ते खऱ्या लढायांमध्ये पण तसंच होतं. डोक्यावर लोखंडी टोप, आजूबाजूला किंचाळणं, कोण ऐकणार. म्हणून तर झेंडे, नगारे, शिंगं होती. आणि म्हणूनच लहान लहान तुकड्या बांधलेल्या असायच्या. शिवकाळात पायदळात नऊ-दहा पाईकांवर एक नाईक, पाच नाईकांवर एक हवालदार. घोडदळात पंचवीस स्वारांवर एक हवालदार, आणि त्या पंचविसांमागे एक पखालजी आणि एक नालबंद ठरलेला. म्हणजे पाणी आणि नाल हे पण तुकडीसोबतच. एका माणसाला आवाजात आणि नजरेत जेवढी माणसं सांभाळता येतात तेवढीच त्याच्या हाताखाली. (कोणीतरी पावनखिंड काढायच्या आत मीच काढतो, हाव, तिथं पण अरुंद जागा आणि थोडी माणसं. झालं, पुढं चला.)

गेममध्ये नाईक म्हणजे तुझे कंपॅनियन, ते नाव-गाव असलेले सोबती. एक जण पायदळाचा कॅप्टन कर, त्याच्या गुणांचा फायदा तुकडीला मिळतो. पण एफ ६ दाबून सगळा ताबा कॉम्प्युटरकडे देऊ नको, निदान वीस-पंचवीस माणसांच्या लढाईत तरी. तो चांगली जागा सोडून उगाच पुढं सरकतो, माझा तरी अनुभव असाच आहे.

आता किंगडम कम. गोष्ट १४०३ च्या बोहेमियातली, म्हणजे आजचा चेक देश, तू लोहाराचा पोरगा हेन्री. मोठ्या लढाया आहेत पण त्यात तू एक शिपाई, हुकूम दुसरे देतात, तू त्यांच्यासोबत पळायचं. पाच-सहा शिपाई घेऊन फिरणं त्यात नाही. तुझा हुकूम ऐकणारा एकच सैनिक मिळतो तो म्हणजे मट, कुत्रा, तो पण 'अ वुमन्स लॉट' हा जास्तीचा भाग (डीएलसी) असेल तर. खोटं नाही सांगत, सोबत ये, हल्ला कर, सगळं ऐकतो. तुझ्या बावीस जणांपेक्षा बरा. आणि तिथं तीन जणांनी घेरलं तर तू मेलास, कारण लक्ष एकावर लॉक झालेलं असतं आणि बाकीचे पाठीमागं फिरतात. तरी घे, पहिला भाग २०१८ चा आहे, सेलमध्ये स्वस्त मिळतो, आणि गर्दीत माणूस कसा गोंधळतो ते त्याच्याइतकं कोणत्याच गेमनं दाखवलेलं नाही.

दुसरा भाग २०२५ ला आला, त्यात यान झिश्का आहे, तिथला खराखुरा सेनापती. ह्या माणसाबद्दल वाच. १४२० मध्ये सुदोमेर्झला त्याच्याकडे चारशेच्या आसपास माणसं होती, समोर त्याच्या कितीतरी पट चिलखती घोडेस्वार. त्यानं काय केलं, मासे पाळायच्या तळ्यांमधला बांध निवडला, दोन्ही बाजूंनी पाणी-चिखल, आणि मोकळ्या बाजूला गाड्या आडव्या लावल्या. घोडे चिखलात चालेनात, स्वारांना उतरून जड चिलखतात पायी यावं लागलं. आणि गाड्या किती होत्या सांगू? बारा! आमच्या गावात आखाजीला भगत बारागाड्या ओढतो, पोरंटोरं सगळी वर चढलेली, मी पण चढायचो. झिश्काचं वाचलं तेव्हा पहिल्यांदा तेच डोळ्यासमोर आलं. फरक एवढाच की आपल्याकडच्या गाड्या पळतात आणि त्याच्या जागच्या हलल्या नाहीत.

अहिरानी_बोल
भाऊ तू ते घोडावर बठीसन पुढे पयस, मंग मानसे कोनाकडे देखतीन? आधी घोडावरथीन उतर.

लळिंगवाला
^ हे सगळ्यात कामाचं.

शेवभाजी_जळगाव
हाहा उतरलो भाऊ.

अपडेट: आज परत समुद्री दरोडेखोर, ह्यावेळी सतरा. नाल्याच्या वरच्या अंगाला पायदळ विरळ उभं केलं, तिरंदाज मागं टेकाडावर, मी खरंच घोडा सोडून तिरंदाजांसोबत उभा राहिलो, घोडेवाल्यांना लांब झाडांमागं थांबवलं. आणि मग काही केलं नाही. अक्षरशः एक-दीड मिनिट काही केलं नाही, बोट एफ १ वर ठेवून बसलो होतो, घाम फुटला. ते नाल्यातून वर यायला लागले तशी त्यांची रांग मोडली, चढावर चार-पाच जण तिरंदाजांनीच घेतले. बाकीचे पायदळाला भिडले तेव्हा मी घोडेवाले मागून सोडले. माझे तीन मेले, सहा जखमी. पाच दरोडेखोर पकडले, त्यांना काही दिवस फिरवून भरती करून घेणार, कुऱ्हाडी फेकणारे आपल्या बाजूनं असलेले बरे.

आता पुढचा प्रश्न. दरोडेखोरांच्या अड्ड्यावर रात्री मोजकीच माणसं नेता येतात, मी आठ नेली. घोडे नाही, टेकाड नाही, अंधार, आणि पहिल्याच शेकोटीपाशी दोघांनी बघितलं. तिथं काय करायचं? तिरंदाज न्यायचे की ढालवाले?

केळीवाला_रावेर
निम्मे निम्मे. आणि सगळ्यांना फॉलो मी देऊन एकदम आत नको नेऊ. शेकोटीच्या अलीकडे थांबव, तू एकटा पुढं जाऊन एकाला बाण मार आणि ओढत मागं आण. शेवटी त्यांचा म्होरक्या एकट्यानं लढतोस का विचारेल, हो म्हणायच्या आधी स्वतःची तब्येत बघ.

उद्या सकाळी कटाई आहे, आता झोपतो.