‘मेजेद’: डोळा मारणारा देव?

मुलीमुळे एका जपानी ॲनिमेची, म्हणजे कार्टून मालिकेची (2020 च्या डिसेंबरातली), ओळख झाली. इजिप्तचे देव त्यात नुसता टवाळपणा करतात. अनुबिस, थोथ ओळखीचे होते. पण एक पांढऱ्या चादरीतला, फक्त डोळे आणि पावलं दिसणारा. नाव मेजेद. अर्थ काय? आणि मराठीत लिहायचं कसं, मुलीला सांगायचं कसं? सुचवा.

— इजिप्तच्या प्राचीन चित्रलिपीत स्वर लिहीत नसत. मूळ व्यंजनं म-ज-द एवढीच. मधले ‘ए’ अभ्यासकांनी सोयीसाठी घातलेले. मात्र यातला ‘ज’ जेवणातला वाचा, मेजातला नको. अर्थ ‘प्रहार करणारा’. ‘मृतांचा ग्रंथ’ म्हणजे मृतासोबत ठेवायचे मंत्र; त्यातल्या 17व्या मंत्रात त्याचा ओझरता उल्लेख येतो: ओसायरिसच्या (मृतांच्या देवाच्या) घरचा, डोळ्यानं मारणारा, स्वतः न दिसणारा. त्याचं मानलं जाणारं चित्र ब्रिटिश म्युझियममधल्या 37 मीटर लांबीच्या ग्रीनफील्ड पपायरसवर (लव्हाळ्याच्या कागदाच्या गुंडाळीवर) आहे. 2012 साली तो पपायरस जपानात प्रदर्शनात होता. तिथून हे ध्यान लाडकं झालं.

— ‘डोळ्यानं मारणारा’पर्यंत ठीक, पण घाईत ‘डोळा मारणारा’ म्हणालात तर देवाची पार अब्रू जाईल!

— ‘दृष्ट लावणारा’ कसं वाटतं?

— नाही पटत. दृष्ट न ठरवताही लागते, आईचीसुद्धा. हा नेम धरतो. ‘नेत्रबाण’ आणि ‘कटाक्ष’ तर शृंगारानं कधीच पळवले. मी ‘डोळ्यानं टिपणारा’ म्हणेन. पाखरू टिपतात तेही टिपणंच.

— पण ‘नजरेनं टिपलं’ म्हटलं की हल्ली फोटोग्राफर आठवतो.

— म्हणून ‘नजरेनं’ नको, ‘डोळ्यानं’च हवं. मराठीत नजर बघते, डोळा मात्र वटारताही येतो.

— चादरीबद्दल राहिलंच. ‘चादर’ म्हटलं की इंग्रजी सिनेमातलं भूत उभं राहतं. आमच्याकडे पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेत. लांबून माणूस अगदी असाच दिसायचा, खाली दोन पाय आणि वर शंकू. ‘खोळवाला’ म्हणा.

— काका, आजच्या पोरांना खोळ उशीचीच ठाऊक!

— मग तर अधिकच बरं. चित्र पाहा, उशीला पाय फुटल्यासारखंच आहे.

सगळ्यांचे आभार. रात्री मुलीला सांगून पाहिलं. ‘डोळ्यानं टिपणारा’ तिला चालला. खोळीवर मात्र विचारलं, “कुणालाच दिसत नाही, तर चित्र कुणी काढलं?”