परसात पुरलेली गॅसबत्तीची मेंटलं: थोरियम विहिरीत उतरतं का?

पेठेतली_मेघना
आमचा वाडा सदाशिव पेठेत. आजोबा वरातींना आणि गणपतीच्या मिरवणुकीला गॅसबत्त्या भाड्याने द्यायचे. धंदा बंद केला तेव्हा उरलेली मेंटलं त्यांनी परसात पुरली, विहिरीपासून चारेक हातांवर. जळून राखेसारखी झालेलीही आणि कोरी, मऊ जाळीच्या पिशवीसारखी, तीही. आत्याने हे परवा सांगितलं. आता वाडा पाडायचाय, पण विहीर राखायचीच असं मी ठरवलंय. पाणी झाडांना जातं, उन्हाळ्यात भांड्यांनाही. शेजारच्या अळूची पानं मुलं खातात. मेंटलमध्ये (ज्योतीवर चढवायच्या जाळीत) थोरियम हा किरणोत्सर्गी धातू असतो हे वाचल्यापासून झोप उडालीय. एवढ्या वर्षांत ते पाण्यात उतरलं असेल का?

रानवारा
पंजाबात विहिरींना युरेनियम लागलंय, थोरियम त्याचाच भाऊ. विहीर बुजवा आणि मोकळ्या व्हा.

भूजल_काका
मेघनाताई, बुजवू नका. माझी तीस वर्षं पाणी तपासण्यात गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

ही दोन्ही मूलद्रव्यं पाण्यात अगदी वेगळी वागतात. ऑक्सिजन असला की युरेनियम +६ अवस्थेत जातं (म्हणजे सहा इलेक्ट्रॉन गमावतं), पाण्यातल्या कार्बोनेटशी जोडी जमवतं आणि विरघळून वाहतं. थोरियम निसर्गात +४ सोडत नाही. या आयनावर भार एवढा की तो पाण्यातलेच हायड्रॉक्साइड ओढून घेतो आणि साका होऊन खाली बसतो.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फ्लोराइड मोजायला आम्ही थोरियम नायट्रेट वापरायचो, सूचक अलिझरिन रेड. पिवळं द्रावण गुलाबी झालं की ब्युरेट (थेंबथेंब सोडायची मोजनळी) बंद. पीएच मात्र ३ च्या आसपास धरून ठेवायचा, असा आमच्या साहेबांचा दंडक. का, ते त्यांनी एकदा दाखवलं: परीक्षानळीत नितळ थोरियम नायट्रेट आणि वरून, पीएच चढवायला, अमोनियाचे दोन थेंब. क्षणात पांढरा, खळीसारखा गोळा. आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरींचा पीएच बहुधा ७.५ ते ८ असतो. तिथे लिटरमागे एखाद-दोन मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त थोरियम विरघळलेलं राहणं कठीण.

जळलेल्या मेंटलात थोरियम ऑक्साइड असतं. ते विरघळवायला प्रयोगशाळेत गरम नायट्रिक आम्लात थोडं हायड्रोफ्लोरिक आम्ल घालावं लागतं, पावसाच्या पाण्याची काय कथा. कोऱ्या मेंटलांबद्दल तुमची शंका रास्त आहे, त्यांत बहुधा नायट्रेटच असतं आणि ते पाण्यात साखरेसारखं विरघळतं. पण मातीला लागताच ते चिकणमातीच्या कणांना आणि लोहाच्या तांबूस ऑक्साइडला घट्ट चिकटतं. पुरल्या जागेपासून ते फारसं हललं नसणार.

एक वाट मात्र उघडी राहते. शेणखत, पालापाचोळा कुजून जे ह्युमिक आम्ल तयार होतं ते थोरियमला धरतं, आणि अशा बारीक कणांवर बसून ते पाण्यातून थोडं सरकू शकतं. खतखड्डा तिथेच होता का?

पेठेतली_मेघना
होता, अळूच्या आळ्याला लागूनच! मग तपासणी कशाची सांगू?

भूजल_काका
एकाच पाण्याचे दोन नमुने द्या, एक तसाच आणि एक ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेला. न गाळलेल्यात जास्त आणि गाळलेल्यात कमी आलं तर थोरियम कणांवर बसलेलं आहे. शिवाय पाण्यातला एकूण अल्फा आणि बीटा किरणोत्सर्ग मोजायला सांगा. थोरियमचं अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षं, पण त्यातून रेडियम-२२८ जन्मतं, त्याचं ५.७५ वर्षं. नायट्रेट शुद्ध करताना ते वेगळं झालेलं असतं, आजोबांच्या काळापासून मात्र परत भरलं असेल. रेडियम कॅल्शियमच्या जातीचं, थोरियमपेक्षा सहज पाण्यात येतं. माझा खरा डोळा त्याच्यावर आहे.

अळूचं म्हणाल तर थोरियम मुळांशीच अडकतं, पानात फार थोडं चढतं. पानांवरची माती खळखळून धुवा, आणि निकाल येईपर्यंत दुसरीकडची पानं आणा.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. वाडा पाडताना ती राख कोरडी उडाली तर श्वासातून फुप्फुसात जाईल, आणि मला पाण्यापेक्षा त्याची जास्त काळजी वाटते. आत्यांकडून नेमकी जागा आजच खुणावून घ्या. जेसीबी तिथे लावू देऊ नका, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला आधी पत्र टाका.

पेठेतली_मेघना
आत्याला संध्याकाळी घेऊन येतेय. पेरूच्या बुंध्याशी, धुण्याच्या दगडामागे, एवढं तिला पक्कं आठवतंय. ठेकेदाराला सोमवारी येऊ नका म्हणून आत्ताच फोन केला.